उभे राहण्याची रीत

खुर्चीवर कोणीतरी बसले होते. सभागृहाच्या दारातून आत येताच मार्गिटबाईंना प्रथम तसेच वाटले. मग चष्मा सारखा केल्यावर कळले, की बसलेले कोणी नाही, ठेवलेले आहे. रुग्णालयाने नव्याने आणलेल्या, रोगनिदान करणाऱ्या बोलक्या संगणकाचा पावाच्या लादीएवढा एक काळा ध्वनिक्षेपक, आणि त्याच्या भाळावर एक निळा ठिपका. पहिल्या रांगेच्या मधोमधची ती ओक लाकडाची जुनी खुर्ची. तिचा उजवा हात त्यांच्या गुरूंच्या, टायलसरांच्या, कोपराने झिजून गुळगुळीत झालेला, आणि डावा, त्यांच्या पश्चात, मार्गिटबाईंच्या. या दोघांव्यतिरिक्त त्या खुर्चीवर आणखी कोणी त्यांनी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. रानतांदळाच्या सुपाचा वाडगा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला, जणू तेवढेच आता आपल्या मालकीचे उरले होते, आणि या विचाराचे त्यांना लगोलग हसूही आले. सत्तरी ओलांडलेल्या बाईने खुर्चीवरून रुसावे हे काही शोभण्यासारखे नव्हते. तरीपण छातीच्या डाव्या अंगाला काहीतरी बारीकसे हलले, ते हललेच.

"क्लिफर्डला मी तिथे ठेवलंय," विभागप्रमुख डॉ. डेस्मंड प्रूइट लगबगीने पुढे येत म्हणाले. "मधोमध असला की त्याला सगळ्यांचं नीट ऐकू येतं. तुमच्यासाठी शेजारची राखलीय, मार्गिट. गादीची आहे."

"गादीची. म्हणजे झोप लागायची सोय."

"तुम्ही झोपेतही आमच्याहून बरं निदान कराल."

"विद्यार्थी होतास तेव्हाही असंच लोणी लावायचास, डेस्मंड. आणि तेव्हाही तुला गुडघ्यावर हातोडी नीट मारता येत नव्हती."

डेस्मंड मनापासून हसले. मग आवाज खाली आणून, वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना येतो तसा एक मऊपणा आवाजात घेऊन म्हणाले, "जानेवारीपासून ही जागा त्यालाच द्यावी, असं वर चाललंय. आज कसं होतंय ते पाहू. तुम्ही निवांत बसा, ऐका, सूप प्या. आजवर पुष्कळ केलंत."

पुष्कळ केलंत. हे शब्द मार्गिटबाईंनी स्वतः किती जणांना ऐकवले होते. हात थरथरू लागलेल्या शल्यचिकित्सकांना, नावे विसरू लागलेल्या शिक्षिकांना, आणि प्रत्येक वेळी तोच मऊपणा वापरून. तो मऊपणा आतल्या बाजूने कसा लागतो, हे त्यांना आज प्रथमच कळले. त्या गादीच्या खुर्चीत बसल्या. गादीने एक दीर्घ उसासा सोडला. खिडकीबाहेर टेकडीच्या उतारावर घरांची छपरे पायऱ्यांसारखी उतरत गेली होती, आणि त्यांच्या तळाशी ते विशाल सरोवर नोव्हेंबरच्या करड्या उन्हात निश्चल पडले होते. खनिजाने भरलेले एक लांबलचक जहाज पुलाच्या दिशेने इतके सावकाश सरकत होते, की ते हलते आहे हे समजण्यासाठी दुसरीकडे पाहून पुन्हा पाहावे लागे.

या रुग्णालयाच्या मज्जाविकार विभागात गुरुवारची दुपार ही एखाद्या व्रतासारखी पाळली जाई. शिकाऊ डॉक्टरने एका अवघड रुग्णाची हकीकत सर्वांसमोर मांडायची. खुर्चीतल्या व्यक्तीने ती पूर्वी ऐकलेली नसावी. तिने प्रश्न विचारीत, सर्वांच्या देखत मोठ्याने विचार करीत निदानापर्यंत पोहोचायचे, किंवा सर्वांच्या देखत चुकायचे. टायलसर चुकत तेव्हा त्यांचा चेहरा उजळून निघे. "आता खरी गंमत आली," असे म्हणून ते बाही वर सरकवीत. त्यांनीच आणखी एक रीत घालून दिली होती. रुग्णाला आत आणीत, आणि तो परत जायला निघाला की सारे सभागृह उठून उभे राही. तो दाराबाहेर पडेपर्यंत कोणी बसायचे नाही. का, असे तरुण मार्गिटने एकदा विचारले, तेव्हा सर म्हणाले होते, "गुरुजी वर्गातून निघाले, मुली. आपण बसून राहायचं का?" अलीकडे मात्र रुग्ण आत येईनासा झाला होता. त्याच्या मेंदूची चित्रे येत, रक्ताचे आकडे येत, चालण्याची चित्रफीत येई. आणि चित्रांसाठी कोणी उभे राहत नाही.

तिसऱ्या वर्षाची शिकाऊ डॉक्टर काओ लोर उभी राहिली. लहान चणीची, तडफदार मुलगी. बोलताना टाचा उचलण्याची तिला सवय होती. "या रुग्णाचं उत्तर मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "कुणालाच नाही. म्हणून आज मांडतेय." सभागृहात एक सुखद कुजबुज उठली. ऑर्विल नीमी, वय सहासष्ट, रेल्वेच्या यार्डातून निवृत्त. दोन वर्षांपासून पायांवर अस्थिर वाटते. कधी पडले नाहीत, पण पडू अशी सतत भीती. बळ उत्तम, संवेदना उत्तम, हातोडीचे झटके जिथल्या तिथे. मेंदूचा आणि कण्याचा एमआरआय निर्दोष. रक्तात काही नाही. तीन ठिकाणी दाखवले. तिन्ही ठिकाणी चिंतेच्या गोळ्या मिळाल्या, तिन्ही वेगवेगळ्या रंगांच्या.

"धन्यवाद, डॉ. लोर," क्लिफर्ड म्हणाला. त्याचा आवाज चांगला होता. अघळपघळ नाही, लाघवी नाही, पुष्कळ वाचलेल्या आणि त्याचा डौल न मिरविणाऱ्या माणसाचा असावा तसा. तो आवाज आपल्याला आवडतो, हे लक्षात येऊन मार्गिटबाई किंचित खट्टू झाल्या. "अस्थिरता उभं असताना वाटते, की चालताना?"

काओने पडद्यावर बोट फिरवले. "नोंदीत 'पायांवर अस्थिर' एवढंच आहे. तपासणीत 'उभे राहणे व चालणे' व्यवस्थित."

"उत्तम. धन्यवाद," क्लिफर्ड म्हणाला, आणि त्याने शक्यता सांगायला आरंभ केला. एकेका शक्यतेच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे तो असे मांडत गेला, की मांडणीचे कौतुक वाटावे. सर्वांत वर चिंताविकार. खाली उतरत उतरत कंपवाताचा आरंभ, लहान मेंदूचा ऱ्हास, शेवटी काही अतिदुर्मीळ रोग, ज्यांची नावे ऐकून मागच्या रांगेतल्या कुणीतरी हळूच शीळ घातली. मार्गिटबाईंनीही हातातल्या कागदावर आपली यादी लिहिली होती. ती त्यांनी त्याच्या यादीशी ताडून पाहिली, आणि त्यांच्या मनावर एक थंड सावली सरकली. दोन्ही याद्या सारख्याच होत्या. फक्त त्याची अधिक लांब होती. म्हणजे आयुष्यभर ज्याला त्या आपली अंतर्दृष्टी समजत आल्या, ती अशी शब्दांत उतरविता येण्याजोगी, मोजून देता येण्याजोगी वस्तू होती, आणि तिची अधिक संपूर्ण प्रत आता लाकडी खुर्चीत बसली होती. मग आपण शेजारी कशाला? जुन्या घड्याळाला भिंतीवर ठेवतात तसे? त्यांना वडील आठवले. ते खनिजाच्या जहाजावर इंजिनाला तेल घालण्याचे काम करीत. एका उन्हाळ्यात ते नऊ वर्षांच्या मार्गिटला बरोबर घेऊन गेले होते. झोपायच्या फळीवर पडले की इंजिन कानांना नव्हे, दातांना ऐकू येई. वडील जाता येता कठड्यावर तळवा टेकवीत आणि चेहऱ्यावर एक समाधान पसरे. "काय करता, पापा?" "विचारपूस." पुढे त्या जहाजावर यंत्रांचे ध्वनी टिपणारी यंत्रे आली, वडील तरीही तळवा टेकवीत राहिले, आणि तरुण अभियंते त्यांना पाहून प्रेमाने हसत. प्रेमाने. तेच तर.

"मार्गिट, काही भर घालायचीय?" डेस्मंडनी विचारले.

"भर नाही," त्या म्हणाल्या, आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते त्यांना स्वतःलाही पुढचे शब्द उच्चारल्यावरच कळले. "गृहस्थ कुठे आहेत?"

"बाहेर आहेत," काओ म्हणाली. तिच्या टाचा उचलल्या गेल्या. "मीच थांबवून घेतलंय. सूप दिलंय त्यांना."

डेस्मंडनी घड्याळाकडे पाहिले, मग मार्गिटबाईंकडे, आणि मान हलवली. ऑर्विल नीमी चाकांच्या खुर्चीतून आत आले. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, कोटाच्या कॉलरवर माजी सैनिकांच्या संघाचे छोटे पदक, मनगटावर पिवळी पट्टी आणि पायांत पिवळे मोजे. पडण्याचा धोका असलेल्या प्रत्येकाला या इमारतीत पिवळ्या रंगाची दीक्षा मिळे, आणि मग परिचारिकेच्या हाताविना त्याला पाऊल टाकण्याची अनुज्ञा नसे. मागून त्यांची पत्नी लूसिल, कडेवर मूल घ्यावे तशी नवऱ्याची टोपी सांभाळीत.

"इतके लोक," ऑर्विल म्हणाले. "मी मेलोबिलो की काय?"

"मेला असतास तर इतके आले नसते," लूसिल म्हणाली.

मार्गिटबाई त्यांच्यासमोर बसल्या. "मिस्टर नीमी, मी मार्गिट ब्रेकी. मला तुमच्याविषयी काहीच ठाऊक नाही. ही सगळी मंडळी माझी फजिती बघायला जमलीत."

"मग आपण एकाच बोटीत, डॉक्टरीणबाई."

त्यांनी सावकाश तपासले. डोळे, जीभ, बोटांची नाकाशी भेट, पायांचे बळ, तळव्यांवरची रेघ. सर्व निर्दोष होते; इतके निर्दोष, की त्यांना या माणसाच्या प्रकृतीचा जवळजवळ राग आला. परिचारिकेने कमरेचा पट्टा धरला आणि ऑर्विल सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, एखाद्या संचलनात चालावे तसे देखणे. "आता पाय जुळवून उभे राहा," मार्गिटबाई म्हणाल्या. ते राहिले, आणि नियमाप्रमाणे परिचारिकेने पट्टा दोन्ही मुठींनी आवळून त्यांना स्वतःच्या अंगाशी घट्ट धरून ठेवले. काहीच डळमळले नाही. "छान. बसा."

"त्रास नेमका कसा होतो?"

ऑर्विलनी पदकाला बोट लावले. "सांगता येत नाही हो. आतून घालमेल होते. मी सैनिकसंघाच्या मानवंदनेच्या तुकडीत आहे. होतो. आपला कुणी माजी सैनिक गेला की कबरीपाशी रांगेत उभं राहायचं."

"वसंतात बर्टच्या दफनाला," लूसिलने सूत्र हाती घेतले, "बिगूल चालू असताना हा रांग सोडून निघाला, आणि आपला थडग्यांमधून फिरायला लागला. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखानं झालं. मलाही वाटलं. तेव्हापासून जात नाही."

"घाबरट म्हणाले असतील," ऑर्विल म्हणाले.

"कुणी नाही म्हणालं."

"म्हणत नाहीत, तेच वाईट."

दुःख, चिंता, यादीतला पहिला शब्द सर्वांच्या मनात पुन्हा एकवार दृढ झाला. मार्गिटबाईंच्याही. त्या या माणसाच्या रुंद, लज्जित खांद्यांकडे पाहत राहिल्या, आणि मनाच्या ज्या कोपऱ्यातून आजवर काहीतरी हाक येई तिथे कान लावून बसल्या. तिथे केवळ सूप थंड होत असल्याची जाणीव होती. हे असेच संपते तर, त्यांना वाटले. गाजावाजा न होता, दुपारच्या उजेडात, गादीच्या खुर्चीवर. त्यात दुःख होते, पण चमत्कारिक असा हलकेपणाही होता. टायलसर असते तर बाही सरकवून म्हणाले असते, आता खरी गंमत आली. गंमत मात्र आली नव्हती.

"मिस्टर नीमी, आम्ही तुमचे आभारी आहोत," डेस्मंड म्हणाले. परिचारिकेने चाके वळवली. आणि मार्गिटबाई उठून उभ्या राहिल्या. विचार करून नव्हे. गुडघ्यांनाच ती रीत पाठ होती. त्यांना पाहून मागच्या रांगेतले दोन वृद्ध डॉक्टर उठले, मग काओ उठली, आणि मग, हे काय चालले आहे ते न कळूनही, सारी तरुण मंडळी हातातले वाडगे सावरीत उभी राहिली. डेस्मंडही उठले.

ऑर्विलनी चाके हाताने थांबवली. त्यांनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. सर्व आयुष्य ज्याने उभे राहून दुसऱ्यांना मान दिला, त्याला अशा प्रसंगी बसून राहणे अशक्य होते. परिचारिका पट्टा शोधते आहे तोवर हा माणूस पिवळ्या मोज्यांवर ताठ उभा राहिला. खांदे मागे, हनुवटी वर, हात मांड्यांच्या शिवणीला. कोणी त्याला धरलेले नव्हते.

क्षणभर काही झाले नाही. मग चेहरा बदलला. ओठ आवळले, कपाळावर घाम चमकला, आणि पिवळे मोजे जागच्या जागी उचलू-टेकू लागले, तापल्या वाळूवर उभे असल्यासारखे. "मिस्टर नीमी," म्हणत परिचारिका धावली.

"त्यांना धरू नका," मार्गिटबाई म्हणाल्या.

त्या पुढे गेल्या आणि निरोपासाठी असावा तसा हात पुढे केला. ऑर्विलनी तो पकडला, आणि अभावितपणे त्यावर आपला थोडा भार टाकला. त्या तळव्यातून काहीतरी आले. दिसत काहीच नव्हते. पण ते होते. बारीक, सलग, दाट, झोपायच्या फळीतून दातांत येई तसे. मार्गिटबाईंनी डोळे मिटले. सरोवर होते, कठडा होता, पापांचा तळवा होता. त्या वाकल्या, संधिवाताने कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर सभागृहाच्या गालिच्यात बसल्या, आणि त्यांनी या परक्या माणसाच्या मांडीवर हात टेकवला. विजारीच्या कापडाखाली स्नायू गुणगुणत होता.

"माफ करा हं, लूसिल," त्या म्हणाल्या.

"खुशाल," लूसिल म्हणाली. "या वयात कोण विचारतंय त्याला?"

मार्गिटबाईंनी स्टेथोस्कोप कानांना लावला आणि त्याची चकती मांडीवर ठेवली. आणि ऐकले. दूरवरून, ढगांच्या पलीकडून यावे तसे एक हेलिकॉप्टर येत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले, ते त्यांना ठाऊक नव्हते; पण काओ नंतर कितीतरी दिवस सांगत असे, की बाई त्या क्षणी नऊ वर्षांच्या दिसल्या.

"इकडे ये, मुली. ऐक."

काओ गुडघ्यांवर बसली. ऐकता ऐकता तिने छताकडे पाहिले. रुग्णालयाच्या छतावर हेलिकॉप्टर उतरत असत, आणि तिला वाटले, तेच. मग तिने खिडकीकडे पाहिले. आकाश रिकामे होते. "हे," ती म्हणाली, "हे यांच्या पायांत आहे?"

"आता बसा, मिस्टर नीमी." ते बसले. ध्वनी थांबला, दिवा मालवावा तसा. "उभे राहा." काओने श्वास रोखला. आले, पुन्हा आले. "चाला." गेले.

"क्लिफर्ड," काओ जवळजवळ धापा टाकीत म्हणाली, "स्थिर उभं राहिल्यावरच. चालताना नाही, बसल्यावर नाही. धरलं की दबतो. मांडीवर हेलिकॉप्टरसारखा आवाज."

"अरे वा," क्लिफर्ड म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता की नव्हता, हे सांगता येत नाही. पण ऐकणाऱ्यांना तो ऐकू आला. "मग हा ऑर्थोस्टॅटिक ट्रेमर. फक्त उभं राहिल्यावर पायांत उठणारा, डोळ्यांना न दिसण्याइतका जलद कंप. स्नायूंच्या विजेची तपासणी उभं करून घ्या, खात्री पटेल. मी उभं राहण्याबद्दल विचारलं होतं. 'उभे राहणे व चालणे' हे एकच उत्तर मी दोन उत्तरं म्हणून घेतलं. पुन्हा विचारायला हवं होतं."

"तू एकटा नाहीस," मार्गिटबाई गालिच्यावरूनच म्हणाल्या. आम्ही सर्व ती दोन कामे एका दमात म्हणायला शिकलो, एका खुणेत उरकायला शिकलो. आणि मग या माणसाला पिवळे मोजे चढवून तपासताना एकदाही धड उभे राहू दिले नाही. मीसुद्धा आत्ताच त्याला बांधून उभा केला, आणि छान म्हणाले. हे सर्व त्यांच्या मनात आले, आणि आश्चर्य असे, की त्यात लाज नव्हती. बाही वर सरकवावी असे वाटत होते.

"म्हणजे मी भित्रा नाही," ऑर्विल हळूच म्हणाले.

"तुमच्या मेंदूतून पायांना एक चुकीची लय जाते. तिला तुमच्या धैर्याशी कर्तव्य नाही."

"म्हणून हा किराणा दुकानाच्या रांगेतून गाडी घेऊन सटकतो," लूसिल म्हणाली. "पीनट बटरच्या कप्प्याला प्रदक्षिणा घालतो. मला वाटायचं, पैसे द्यायची वेळ आली की याला फिरायला सुचतं."

"तेही थोडं असायचं," ऑर्विल म्हणाले, आणि सारे सभागृह हसले. हसता हसता त्यांनी टोपी लूसिलच्या हातातून घेऊन चेहऱ्यावर धरली, आणि पुष्कळ वेळ खाली केली नाही.

त्याच दुपारी पायांवर तारा लावून त्यांना उभे केले गेले, आणि पडद्यावर समान अंतराचे उभे दात उमटले, कंगव्यासारखे. मार्गिटबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. औषध आहे, ते कंप मऊ करील. पुसून टाकील असे नाही. बिगुलाच्या संबंध वेळेपर्यंत निश्चल उभे राहणे कदाचित पुन्हा जमणार नाही. ऑर्विलनी मान डोलावली, मग विचारले, "चालायला हरकत नाही ना?"

"कितीही चाला."

"मग शवपेटीवरचा झेंडा घडी करून विधवेपर्यंत नेऊन देणारा एक असतो. तो चालतो." त्यांनी लूसिलकडे पाहिले. "झेंडा नेणाऱ्या हॅलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याच्याऐवजी माणूस शोधताहेत."

"फोन कर मग," लूसिल म्हणाली. "बसून कर."

सभागृह रिकामे झाले होते. मार्गिटबाई आपला थंडगार वाडगा न्यायला परतल्या, तेव्हा डेस्मंड ओकच्या खुर्चीपाशी वाकून क्लिफर्डला दोन्ही हातांनी उचलीत होते, संकोचलेल्या मुलासारखे. "याला खिडकीत ठेवतो," ते म्हणाले. "जानेवारीचं मी बोलतो वर."

"राहू दे तिथेच."

"पण खुर्ची तुमची—"

"त्यालाच बसू दे, डेस्मंड. बिचाऱ्याला उभं राहता येत नाही." त्यांनी निळ्या ठिपक्याकडे पाहून मान लववली, ठिपका तसाच तेवत राहिला. "मी राहीन की उभी. पण दर गुरुवारी रुग्ण आत येईल. त्याची चित्रं नाही, तो. आणि जाताना सगळे उठतील. हे वर बोल."

डेस्मंडनी क्लिफर्डला जपून, जणू तो झोपलेला असावा तसे, पुन्हा खुर्चीत ठेवले. "बोलतो," ते म्हणाले, आणि क्षणभराने, "हातोडी मारायचं पुन्हा दाखवाल का कधी?"

"गुरुवारी," मार्गिटबाई म्हणाल्या.

लिफ्टपाशी गर्दी होती. पांढरे कोट, निळे झगे, फुले घेऊन आलेला एक पाहुणा. सर्व जण वरच्या आकड्यांकडे पाहत निमूट उभे होते, आणि इतकी माणसे इतक्या सहजपणे उभी आहेत, या गोष्टीकडे मार्गिटबाई एखाद्या सोहळ्याकडे पाहावे तशा पाहत राहिल्या. एवढ्यात दूरवरून तो ध्वनी आला. बारीक, सलग, दाट. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या मांडीवर गेला. तिथे काहीच नव्हते. मग वरची काच थरथरली, छतावर खरेखुरे हेलिकॉप्टर उतरले, आणि त्या एकट्याच, कोणाला काही न सांगता, हसत उभ्या राहिल्या.